तास

पत्र जर्मनीहून आलं, चार पानी.
कुरिअरवाल्यानं दवाखान्याच्या गेटवर सही घेतली,
वर विचारलं, "लागली न्हवं नोकरी, सिस्टर?"
म्हटलं, बघूया की.

रात्रपाळी संपवून फोडलं. अर्धंमुर्धं कळलं.
माझ्या बी-वनच्या जर्मनला
अभिनंदन हा शब्द लांबूनसुद्धा ओळखू येतो.
तो त्यात नव्हता.

राजारामपुरीत क्लासच्या सरांनी
शटर निम्मं ओढून सावकाश वाचलं:
आपली पदविका तपासली.
ती आमच्या पदविकेएवढी भरत नाही.
मानसिक आजार: तास अपुरे.
वृद्धांची शुश्रूषा: तास अपुरे.
तसंच अर्जदारानं खुलासा करावा,
राजमती चौगुले आणि राजामती चौगुले
ही एकच व्यक्ती आहे काय.

दहावीच्या सर्टिफिकेटावर एक 'ए' जास्तीचा पडलाय.
हुपरीच्या शाळेतल्या कारकुनाला
नेमकी तिथं जांभई आली असणार.
त्या जांभईपायी दोनदा कसबा बावडा,
पाचशेचा स्टँप, दोन साक्षीदार,
आणि शपथेवर लिहून दिलं
की मी म्हणजे मीच.
नोटरी म्हणाला, नक्की न्हवं?

अकरा वर्षं मेडिसिन वॉर्ड.
निम्म्या खाटांवर सत्तरीपुढची माणसं.
कोण हाक मारताना लेकीचं नाव घेतं,
कोण चमच्याला दात लावून धरतं, सोडतच नाही.
पुरात शिरोलीपाशी हायवे बुडाला,
बदलीची सिस्टर पलीकडं अडकली,
चार दिवस मी एकाच युनिफॉर्मवर.
सर, हे कुठल्या रकान्यात लिहू?

सर म्हणाले, तो अनुभव.
त्यांना अभ्यासक्रम पाहिजे.
विषयवार, तासवार, संस्थेच्या शिक्क्यासह.

संस्थेच्या जागी आता सोफ्यांचं शोरूम आहे.

मग रूथ भोरे बाई, आमच्या प्राचार्य.
नागाळा पार्क, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
त्यांच्या दिवाणात जुनी रजिस्टरं होती,
त्यांच्या नडगीवर पट्टी होती, तिरकी, ओली.
"कुणी बांधली ही?"
"मीच. दिसत नाही गं वाकल्यावर."
"आम्हाला अशी शिकवली होती होय?"
बाई हसल्या, पाय पुढं केला.

पाणी उकळलं. जखम धुतली.
कडेनं मऊ पडलेली कातडी, वास नाही, बरं आहे.
नखं वाढली होती, तीही काढली.
बीपी बघितलं. गोळ्यांच्या डबीत
बुधवार भरलेला, गुरुवार रिकामा,
आणि आज शनिवार होता.
त्यावर बोलले थोडं, त्या गप्प बसल्या,
मग म्हणाल्या, तुझ्या बॅचला मीच परीक्षेत
बेड मेकिंगला एक मार्क कमी दिला होता, नाही?
दोन, मी म्हटलं.

रजिस्टर सापडलं. आमचं वर्ष,
पानं वाळवीनं जाळीदार केलेली.
तास होते तिथं भोकं होती.

बाईंनी शेवटचं कोरं पान काढलं,
भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं,
आणि थरथरत्या, तरीही रेघ न सोडणाऱ्या अक्षरात लिहिलं:
चौगुले आर. बी.
वृद्धांची शुश्रूषा, प्रात्यक्षिक.
दुपारी तीन ते पावणेपाच.
समाधानकारक.
खाली सही.

शिक्का बिस्किटाच्या डब्यात होता, शाई वाळलेली.
त्यावर तोंडानं वाफ दिली, दोन्ही हातांनी दाबला.
गोल तेवढा उठला.
आतली अक्षरं आलीच नाहीत.

"बाई, हे तिकडं चालायचं नाही."
"ठाऊक आहे मला. म्हणून नोंद करायची नाही?"

निघताना चहाचे कप विसळून पालथे घातले.
"ते धरत नाही हं मी,"
आतून आवाज आला,
"ते घरकाम."